वीटभट्टीवर वेठबिगार आढळला तर: नव्या कार्यकर्त्यांसाठी पायरीपायरीने

दिवाळी झाली की रायगड, ठाणे, पालघर जिल्ह्यांतले कातकरी पाडे ओस पडायला लागतात. दाराला कडी, अंगणात एखादी म्हातारी आणि शाळेच्या हजेरीपटावर एकदम दहा-बारा पोरं गैरहजर. नव्या शिक्षिकेला, आशाताईला, नुकतीच वकिली सुरू केलेल्याला किंवा संस्थेत पहिल्याच वर्षी आलेल्या पोरापोरींना प्रश्न पडतो, ही सगळी गेली कुठे? वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर, कुणी मेंढ्यांमागे. त्यातले बरेच जण मजुरीला गेलेले असतात. काही जण मात्र उचल, म्हणजे हंगामाआधी आगाऊ घेतलेले पैसे, फेडायला गेलेले असतात, आणि या दोन जाण्यांत कायद्याच्या दृष्टीने जमीनअस्मानाचा फरक आहे. तो ओळखायचा कसा आणि ओळखल्यावर कोणत्या क्रमाने काय करायचं, एवढ्यापुरतंच हे टिपण.

आकड्यांत फार शिरत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि तिच्या सहकारी संस्थांच्या अंदाजाप्रमाणे २०२१ मध्ये जगात सुमारे ४ कोटी ९६ लाख माणसं आधुनिक गुलामीत होती, त्यातली २ कोटी ७६ लाख सक्तीच्या मजुरीत. आपल्याकडे १९७८ पासून आजवर सोडवल्याची सरकारी नोंद तीन लाखांच्या आसपास माणसांची आहे. त्याच सरकारने २०१६ साली उद्दिष्ट ठेवलं होतं ते २०३० पर्यंत १ कोटी ८४ लाख वेठबिगार मुक्त करण्याचं. या दोन आकड्यांच्या मधली माणसं कुठेतरी आहेतच, आणि त्यांतली काही तुमच्या तालुक्यात असू शकतात.

आधी कायदा, पण कामापुरता

संविधानाच्या कलम २३ ने वेठबिगारीला बंदी घातली. प्रत्यक्ष हत्यार मिळालं ते १९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्याने. तो २५ ऑक्टोबर १९७५ पासून लागू धरला जातो. त्याच्या कलम २ मधली व्याख्या एकदा शांतपणे वाचा. लांबलचक आहे, पण तिचा गाभा सोपा आहे. एका बाजूला काहीतरी देणं हवं: उचल, कर्ज, बापाचं कर्ज, रूढी, किंवा अमुक जातीत जन्मलो म्हणून. दुसऱ्या बाजूला त्या देण्यापायी चारपैकी एक तरी गोष्ट गेलेली हवी: रीतसर मजुरी, दुसरीकडे काम धरण्याची मुभा, हवं तिथे जाण्यायेण्याची मुभा, किंवा आपला माल वा श्रम बाजारभावाने विकण्याचा हक्क.

चारपैकी एक. चारही नव्हेत. इथेच नवीन माणूस गडबडतो. भट्टीवर जातो, बघतो तर मजूर बाजाराला जातोय, मोबाईलवर गाणी ऐकतोय, शेठशी हसून बोलतोय. मग वाटतं, छे, हा कसला गुलाम! पण उचल फिटेपर्यंत त्याला शेजारच्या भट्टीवर जादा दराने जाता येत नसेल, तर व्याख्या तिथेच लागू झाली.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल लक्षात ठेवा, कारण तहसील कार्यालयात ते तोंडावर सांगावे लागतात. दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात १९८२ साली न्यायालयाने म्हटलं, किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबवून घेणं हीसुद्धा सक्तीची मजुरीच. त्यानंतर बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात, डिसेंबर १९८३ मध्ये, आणखी एक पाऊल पुढे: माणसाकडून सक्तीने काम करून घेतलं जातंय हे दिसलं की ते उचलीपोटीच आहे असं गृहीत धरायचं, आणि तसं नाही हे मालकाने सिद्ध करायचं. कायद्याचं कलम १५ तर स्पष्टच सांगतं की कर्ज वेठबिगारीचं नाही हे दाखवण्याची जबाबदारी कर्ज देणाऱ्यावर आहे. तरीही साहेब मजुरालाच विचारतात, ‘उचलीची पावती कुठाय?’ पावती नसते. ती नसणं हाच तर या धंद्याचा कणा आहे.

पहिली पायरी: बोलायचं कुठे आणि काय

भट्टीवर थेट जाऊन वही-पेन काढू नका. आठवड्याच्या बाजाराचा दिवस गाठा. खर्ची, म्हणजे आठवड्याच्या खर्चापुरते पैसे, मिळाली की कुटुंबं बाजाराला येतात, तिथे शेठचा माणूस कानाशी नसतो. मीठ-मिरची घेऊन सावलीला टेकलेल्या बाईशी बोलणं जमतं. तेही ओळखीचं माणूस बरोबर असेल तर. त्यांच्याच पाड्यावरची, त्यांच्या बोलीत बोलणारी एखादी बाई बरोबर असली की निम्मं काम झालं.

‘तुम्ही वेठबिगार आहात का?’ हा प्रश्न विचारायचा नाही. उत्तर नाहीच येणार. कुणालाही स्वतःला तसं म्हणवून घ्यायला आवडत नाही. शिवाय कित्येकांना मनापासून वाटतं की घेतलेले पैसे आहेत, ते फेडायलाच हवेत. हिशेबाचं विचारा.

‘मावशी, औंदा कितीची उचल घेतली?’
‘वीस घेतलं. मागलं दहा अंगावर होतं.’
‘मग तीस झाले. हिशेब कधी व्हायचा?’
‘पावसाच्या तोंडाला. शेठ वही काढील तवा.’
‘वहीत काय लिहिलंय, कुणी वाचून दाखवलं?’

इथे बहुतेक वेळा माणूस गप्प होतो. त्या गप्प होण्यावर तुटून पडू नका. पुढचे प्रश्न विचारा: उचल कुणी दिली, कुणासमोर दिली, हजार विटांना काय दर ठरला, आठवड्याला खर्ची किती, आजारी पडलं की काय होतं, घरी मयत झाली तर जाऊ देतात का आणि सगळ्यांना सोडतात की एकाला ठेवून घेतात. हा शेवटचा प्रश्न फार कामाचा आहे. नवऱ्याला सोडलं पण बायकापोरं मागे ठेवून घेतली, हे उत्तर आलं तर हिंडण्याफिरण्याचा हक्क गेल्याचा पुरावा तुमच्या हातात पडला.

बायकांशी वेगळं बोला. मारहाण, शिवीगाळ, अंगाला हात लावणं, ही गोष्ट पुरुषांच्या देखत निघत नाही. आणि फोटो, व्हिडिओ काढून गटागटांत फिरवू नका. तो फोटो शेठच्या फोनवर संध्याकाळपर्यंत पोचतो, आणि रात्रीत ट्रक लावून कुटुंबं दुसऱ्या जिल्ह्यात हलवली जातात.

दुसरी पायरी: हिशेब स्वतः मांडा

ही पायरी लोक टाळतात. माझ्या मते हीच सगळ्यांत महत्त्वाची. समजा नवरा-बायकोने ३० हजार रुपये उचल घेतली आहे. दर हजार विटांना ७०० रुपये. सहा महिन्यांच्या हंगामात १५० दिवस काम झालं आणि दोघांनी रोज ८०० विटा पाडल्या, तर १ लाख २० हजार विटा झाल्या. मजुरी झाली ८४ हजार. आठवड्याला हजार रुपये खर्ची धरली तर २६ आठवड्यांची २६ हजार. उचल आणि खर्ची वजा करून २८ हजार रुपये हातात घेऊन कुटुंबाने घरी जायला हवं.

आता शेठची वही. पावसाने भिजलेल्या, वाकड्या, फुटलेल्या विटा वजा. मोजणी शेठच्या माणसाची. म्हणून विटा धरल्या ७० हजार, मजुरी ४९ हजार. त्यातून २६ हजार खर्ची गेली, ५ हजार दवाखान्याचे आणि येण्याजाण्याच्या गाडीचे. उरले १८ हजार. उचल होती ३० हजार. म्हणजे १२ हजार अंगावर. भट्टीच्या भाषेत बाकी फिरली. पुढच्या दिवाळीला त्या १२ हजारांवर नवी उचल चढते आणि कुटुंब पुन्हा त्याच भट्टीवर.

आता ४९ हजाराला दोन माणसांच्या १५० दिवसांनी, म्हणजे ३०० ने भागा. माणशी दिवसाला १६३ रुपये. केंद्राने २०१९ मध्ये ठरवलेलं तळवेतनच १७८ रुपये होतं, आणि राज्याचं किमान वेतन त्याहून वर असतं. माती कालवणाऱ्या आणि विटा उलटवणाऱ्या पोरांचे हात तर या हिशेबात धरलेलेच नाहीत. असा एका कुटुंबाचा एका पानाचा हिशेब अर्जाला जोडा. भाषणापेक्षा अधिकाऱ्यांवर त्याचा परिणाम जास्त होतो.

शेठ दरवेळी खलनायकच असतो असं नाही. काही भट्टीवाले स्वतः कोळशाच्या आणि तुसाच्या व्यापाऱ्याच्या उधारीत असतात, आपल्या मजुराच्या पोरीच्या लग्नाला आहेरही करतात. तुमच्या ओळखीचे निघतील, नात्यातलेही निघतील. कायदा शेठचा स्वभाव बघत नाही, व्यवहार बघतो. तुम्हीही तेच करा.

ऊसतोडीचं वेगळं आहे का?

हा प्रश्न प्रत्येक प्रशिक्षणात येतो. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दसऱ्यानंतर लाखो माणसं फडावर जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल कोयत्यावर मिळते, बाईच्या हातात स्वतंत्र पैसा येत नाही. मुकादमाने वाहतूकदाराकडून किंवा कारखान्याकडून पैसे घेतलेले असतात, म्हणजे तोही मधल्यामध्ये अडकलेला. एक दिवस काम चुकलं की खाडा: मजुरी तर गेलीच, वर दंड. पाळीत अंगावरून जात असलं तरी बाई फडात उभी राहते ती या खाड्यापायी. २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली.

म्हणजे सगळी ऊसतोड वेठबिगारी ठरते का? नाही ठरत. उचल घेऊन, हंगामात फेडून, वर पैसे घेऊन येणाऱ्या टोळ्याही आहेत, आणि उचल घेऊन गायब होणारे मजूरही आहेत. पण मजुराला डांबून ठेवलं, भावाला किंवा पोराला ओलीस धरलं, किंवा उचल फिटली नाही म्हणून दुसऱ्या वर्षी जबरदस्तीने नेलं, तर कायदा जसाच्या तसा लागू होतो. अशा वेळी मजुरावरच फसवणुकीची तक्रार होते आणि ठाण्यात त्याला बसवून ठेवतात. तिथे कलम ६ दाखवा: वेठबिगारीचं कर्ज कायद्यानेच संपलेलं आहे, त्याची वसुली होऊ शकत नाही. कलम ९ प्रमाणे असं संपलेलं कर्ज वसूल करून घेणं हाच उलट गुन्हा आहे.

तिसरी पायरी: अर्ज

अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावाने, प्रत प्रांतांना (उपविभागीय अधिकाऱ्यांना) आणि तहसीलदारांना. कामगार अधिकाऱ्याकडे एकट्याकडे देऊ नका. तिथे तो किमान वेतनाचा वाद होऊन बसतो, तारखा पडतात आणि वेठबिगारी हा शब्दच कागदावरून गळून जातो. अर्जात हा शब्द आणि कायद्याचं पूर्ण नाव हवंच. कुटुंबप्रमुखाचं नाव, मूळ पाडा, भट्टीचा नेमका ठिकाणा, माणसं किती, पोरं किती, उचल, दर, आणि कोणता हक्क गेला ते एकेका वाक्यात. विशेषणं नकोत. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. आवक क्रमांक आणि शिक्का नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज.

त्याआधी एक गोष्ट पक्की करा. मजुरांना हे हवंय का? त्यांना धोका काय, कामावरून सुटल्यावर दोन आठवडे खायचं काय, हे त्यांच्याशी बोलून मगच अर्ज. तुमच्या उत्साहापायी कुणाचं बिऱ्हाड रस्त्यावर आणू नका. अपवाद दोन: लहान मुलं आणि मारहाण. मुलांसाठी १०९८, जिवावर बेतलं असेल तर ११२, तात्काळ. २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी मुलांना थोडक्या पैशांवर, एखाद्या मेंढीवर मेंढपाळांकडे राबायला दिल्याचं उघड झालं, ते एका मुलीचा मृत्यू झाल्यावर. पाड्यावरचं पोर महिनोन् महिने दिसत नाही, हे कुणीतरी वेळेत विचारायला हवं होतं.

चौथी पायरी: सुटकेचा दिवस

सुटका तुम्ही करायची नाही. महसूल आणि पोलीस करतील, तुम्ही सोबत असाल. स्वतःच्या जीपमधून रात्री कुटुंबं काढून आणणं धाडसाचं वाटतं, पण मग सरकारी नोंद होत नाही. शेठ चोरीची तक्रार देतो ती वेगळीच.

जबाब मालकापासून लांब व्हायला हवेत, शक्यतो तहसील कार्यालयात. भट्टीच्या ओसरीवर, शेठ खुर्चीत आणि मजूर जमिनीवर, अशा जबाबात ‘आम्ही खुशीने काम करतो’ एवढंच लिहून येतं. जबाब वाचून दाखवल्याशिवाय अंगठा देऊ नका, असं आदल्या दिवशीच समजावून ठेवा. महिला पोलीस मागून घ्या. आणि सामान! भांडी, गोधड्या, कोंबड्या, आधार, रेशनकार्ड, सगळं त्याच वेळी बरोबर आणा. मागे राहिलेल्या चार कोंबड्या आणायला माणूस परत गेला आणि तिथेच बसवून घेतला गेला, असं होतं.

मग येतो समेट. गावचे पुढारी जमतात, शेठ पाच-दहा हजार पुढे करतो, उचल माफ म्हणतो, चहा होतो. साहेबांनाही ते सोयीचं असतं. उचल माफ करणारा शेठ कोण? ती कायद्याने केव्हाच संपली आहे.

पाचवी पायरी: मुक्ती प्रमाणपत्र

बाकी सगळं विसरलात तरी हा कागद विसरू नका. प्रत्येक मजुराच्या नावाने स्वतंत्र, सही-शिक्क्यासह. नवऱ्याच्या नावावर सगळ्या कुटुंबाचं एकच प्रमाणपत्र चालवून घेऊ नका, कारण मदतीची रक्कम माणसागणिक आहे: केंद्राच्या पुनर्वसन योजनेत प्रौढ पुरुषाला १ लाख, महिला आणि मुलांना २ लाख, आणि लैंगिक शोषण, मानवी तस्करी, अपंगत्व किंवा तृतीयपंथी व्यक्ती अशा अधिक गंभीर प्रकरणांत ३ लाख रुपये. त्याशिवाय सुटका होताच ३० हजारांपर्यंतची तातडीची मदत. त्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात किमान १० लाखांचा कायमचा निधी ठेवायचा आहे. तुमच्या जिल्ह्यात तो आहे का, हे माहिती अधिकारात विचारून ठेवा, प्रकरण येण्याआधीच.

मोठी रक्कम अडते ती खटल्यावर. मालकाला शिक्षा झाल्यावर बघू, असं सांगितलं जातं. योजनेतच सोय आहे की जिल्हा दंडाधिकाऱ्यांना प्रथमदर्शनी वेठबिगारी आढळली असेल, तर खटल्याचा निकाल नाही म्हणून मदत थांबवायची नाही. ते वाक्य छापील घेऊन जा.

खटला भरताना १९७६ च्या कायद्यावर थांबू नका. त्यात शिक्षा तीन वर्षांपर्यंत, दंड अवघा २ हजारांपर्यंत आणि गुन्हा जामीनपात्र. मजूर आदिवासी किंवा दलित असेल आणि मालक तसा नसेल, तर ॲट्रॉसिटीच्या कायद्यात वेठबिगारी हा स्वतंत्र गुन्हा आहे. फसवून आणलं असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम १४३ बघा. वकील नसेल तर १५१०० वर फोन करून विधी सेवा प्राधिकरणाची मदत मिळते.

सुटका एका जिल्ह्यात आणि घर दुसऱ्या जिल्ह्यात, किंवा भट्टी कर्नाटकात आणि पाडा रायगडात असेल, तर कागद वाटेतच राहतात. प्रमाणपत्र सुटकेच्या ठिकाणी मिळतं, पुनर्वसन घरच्या जिल्ह्यात होतं. दोन्ही कचेऱ्यांत हेलपाटे घालायला माणूस नेमावाच लागतो.

थोडं मागचं, थोडं परदेशातलं

ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेऊन आयुष्यभर त्याच्याकडे राबणाऱ्या वारल्यांना लग्नगडी म्हणत. १९४५ मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली उठले ते लग्नगडी आणि वेठ या दोन्हींविरुद्ध. पुढे त्याच पट्ट्यात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेने कायद्याचा आधार घेऊन मजूर सोडवले. १९९९ चा आंतरराष्ट्रीय गुलामीविरोधी पुरस्कार त्यांना मिळाला. तिथली जुनी माणसं भेटली तर वेळ काढून बसा. अर्ज कसा लिहायचा हे त्यांच्याकडून अर्ध्या तासात कळतं.

सध्या आपली शिकलेली पोरं म्यानमार-कंबोडियात डेटा एंट्रीच्या नोकरीला म्हणून जातात आणि पासपोर्ट काढून घेऊन त्यांना ऑनलाइन फसवणुकीला जुंपलं जातं. सुटायचं तर दंड भरा, म्हणजे पुन्हा अंगावर बाकी. ओळखीत कुणी निघालं असेल तर एजंट सरकारी नोंदणीचा आहे का ते ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर तपासा आणि पर्यटक व्हिसावर नोकरीला जाऊ देऊ नका.

सुटकेनंतरची पहिली दिवाळी

प्रमाणपत्र मिळालं, बातमी आली, सत्कार झाले. मग पावसाळा. घरात दाणा नाही, पोराला ताप. सोडवलेलं कुटुंब पुन्हा उचल घेतं ते अशा वेळी. म्हणून पावसाळ्याआधी चार कामं उरका: बाईच्या नावाने बँक खातं, रेशनकार्ड, जातीचा दाखला आणि रोजगार हमीच्या कामाची लेखी मागणी. जंगल कसत असतील तर वनहक्काचा दावा. घराखालची जागा मालकाची असेल तर कलम ८ दाखवा. वेठबिगारीच्या मोबदल्यात दिलेल्या घरातून, मुक्त झाला म्हणून कुणाला काढता येत नाही.

जिल्हा आणि उपविभाग दोन्ही पातळ्यांवर दक्षता समिती असणं कलम १३ प्रमाणे बंधनकारक आहे, आणि तिच्यावर अनुसूचित जाती-जमातींचे प्रतिनिधी व सामाजिक कार्यकर्ते घ्यावे लागतात. शेवटची बैठक कधी झाली, इतिवृत्त द्या, असा अर्ज टाका. समिती कागदावरच असेल तर आपलं नाव सुचवा. आणि दसरा झाला की पाड्यावर चक्कर मारा. त्याच आठवड्यात मुकादम आणि शेठची माणसं नोटा घेऊन फिरत असतात.